तिथी, थंडी आणि यात्रा : चंद्रपूर-गडचिरोली वनप्रदेशातील हिवाळी हवामान

विदर्भाच्या पूर्व भागातील चंद्रपूर आणि गडचिरोली हे दोन जिल्हे विस्तीर्ण वने, बारमाही नद्या आणि प्राचीन देवस्थाने यांसाठी प्रसिद्ध आहेत. २६ ऑगस्ट १९८२ रोजी जुन्या चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन गडचिरोली जिल्हा अस्तित्वात आला. सुमारे १४,४१२ चौरस किलोमीटर विस्ताराच्या या जिल्ह्याचा दोन-तृतीयांशाहून अधिक भाग आजही वनाच्छादित आहे. वैनगंगा, वर्धा, प्राणहिता, इंद्रावती आणि गोदावरी या नद्यांच्या काठी येथील काही तीर्थस्थाने वसलेली आहेत.

चंद्रपूरचे नाव निघाले की बाहेरगावच्या माणसास प्रथम तेथील कडक उन्हाळा आठवतो. देशातील सर्वाधिक तापणाऱ्या शहरांत चंद्रपूरची गणना होते. त्यामुळे ‘चंद्रपूरकडे कसली आली थंडी’ अशा समजुतीने अनेक कुटुंबे हिवाळी सुट्टीत गरम कपड्यांवाचून या भागात येतात. दुपारच्या उन्हात हा समज खराही वाटतो. परंतु रात्री उतरू लागली की त्याच ठिकाणी वृद्धांना हुडहुडी भरते आणि लहान मुले आजारी पडतात. येथील हिवाळ्याचे खरे स्वरूप समजून घेतल्यास हा त्रास सहज टाळता येतो. त्या दृष्टीने पुढील माहिती भाविकांसाठी दिली आहे.

हिवाळ्यातील यात्राकाल

कार्तिकी पौर्णिमेपासून महाशिवरात्रीपर्यंत या प्रदेशात भाविकांची ये-जा चालू असते. चंद्रपूर येथील श्री महाकाली मातेची मोठी यात्रा चैत्रात भरते. तथापि नाताळच्या सुट्टीत आणि नववर्षारंभी महाकाली व श्री अंचलेश्वर या मंदिरांत दर्शनार्थींची वर्दळ असते. भद्रावती येथे श्री वरदविनायक, विजासन लेणी आणि श्री पार्श्वनाथांचे जैन तीर्थ आहे. मार्गशीर्ष वद्य दशमीस येणारा भगवान पार्श्वनाथांचा जन्मकल्याणक दिन ऐन थंडीत असतो. ताडोबाच्या जंगलातील तलावाकाठी असलेल्या तारू देवाच्या स्थानी आदिवासी बांधवांची जत्रा परंपरेने पौष महिन्यात भरत आली आहे. चिमूर येथील श्री बालाजी महाराजांची घोडायात्रा माघात, वसंत पंचमीच्या सुमारास सुरू होते. गडचिरोली जिल्ह्यातील चामोर्शी तालुक्यात वैनगंगेच्या काठी श्रीक्षेत्र मार्कंडादेव आहे. येथे नदी उत्तरवाहिनी होत असल्याने या क्षेत्रास विशेष महत्त्व असून महाशिवरात्रीस मोठी यात्रा भरते. वर्धा व वैनगंगा यांचा संगम होऊन जेथे प्राणहिता नाव धारण करते, त्या चपराळा परिसरातही भाविक जातात.

या सर्व ठिकाणांत एक गोष्ट समान आहे. काकडआरती, नदीस्नान, अभिषेक आणि रात्रीची मिरवणूक हे यात्रेतील मुख्य विधी पहाटे किंवा रात्री होतात. येथील थंडीची वेळही नेमकी तीच असते.

थंडी कशी येते

नैर्ऋत्य मोसमी पाऊस ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत साधारणपणे विदर्भातून माघार घेतो. त्यानंतर आकाश निरभ्र होते, हवेतील बाष्प कमी होते आणि उत्तरेकडील कोरडे वारे वाहू लागतात. दिवसा तापलेली जमीन सूर्यास्तानंतर आपली उष्णता आकाशात सोडू लागते. ढग असल्यास ते पांघरुणाचे काम करून ही उष्णता काही प्रमाणात अडवतात. निरभ्र रात्री असे पांघरूण नसल्याने जमीन आणि तिच्या लगतची हवा पहाटेपर्यंत थंड होत जाते. किमान तापमान म्हणूनच मध्यरात्री न नोंदले जाता बहुधा सूर्योदयाच्या सुमारास नोंदले जाते.

हा प्रदेश समुद्रापासून दूर असल्यामुळे दिवस आणि रात्र यांतील तफावत येथे मोठी असते. डिसेंबर-जानेवारीत चंद्रपूर येथे दुपारचे तापमान साधारणतः २८ ते ३० अंश सेल्सिअस, तर पहाटेचे १२ ते १४ अंशांच्या आसपास असते. म्हणजे एकाच दिवसात सुमारे १५ अंशांचा फरक पडतो. कोकण-मुंबईकडून येणाऱ्या भाविकांच्या शरीरास या बदलाची सवय नसते. थंडीची लाट आल्यास हा पारा १० अंशांच्या खाली उतरतो.

वेधशाळेचे तापमान जमिनीपासून सुमारे सव्वा मीटर उंचीवर, हवा खेळती असलेल्या सावलीतील पेटीत मोजले जाते. उघड्या मैदानावरील जमीन त्याहून अधिक गार झालेली असते. वर्तमानपत्रात १२ अंशांचा आकडा वाचून नदीकाठच्या वाळूवर सतरंजी अंथरणाऱ्या यात्रेकरूस प्रत्यक्षात अधिक थंडी सोसावी लागते, याचे कारण हेच होय.

थंडी सतत एकसारखीही नसते. उत्तर भारतात पश्चिमेकडून येणारे पावसाळी झंझावात, म्हणजे पश्चिमी विक्षोभ, पुढे सरकत असता विदर्भावर कधी ढग येतात आणि रात्री उबदार होतात. ते निघून गेल्यावर उत्तरेची थंड हवा दक्षिणेकडे लोटली जाते आणि एक-दोन दिवसांत पारा झपाट्याने उतरतो. ‘काल थंडी नव्हती’ एवढ्यावरून आजच्या रात्रीचा भरवसा धरणे म्हणूनच योग्य नाही. विदर्भातील मोठे स्थानक असलेल्या नागपूर येथे २९ डिसेंबर २०१८ रोजी किमान तापमान ३.५ अंशांपर्यंत घसरले होते. ही घटना ऐन नाताळ-नववर्षाच्या सुट्टीतील आहे, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

तिथी बदलते, ऋतू बदलत नाही

मकरसंक्रांत सूर्याच्या गतीवर अवलंबून असल्याने दर वर्षी १४ किंवा १५ जानेवारीसच येते. तिचे हवामान साधारण ठरलेले असते. चांद्र तिथीवर येणाऱ्या उत्सवांचे तसे नाही. वसंत पंचमी २०२४ मध्ये १४ फेब्रुवारीस होती, तर २०२६ मध्ये ती २३ जानेवारीस आली. महाशिवरात्र २०२१ मध्ये ११ मार्चला, २०२३ मध्ये १८ फेब्रुवारीला, २०२४ मध्ये ८ मार्चला आणि २०२६ मध्ये १५ फेब्रुवारीला होती. एकच उत्सव जवळजवळ महिन्याभराच्या अंतराने मागे-पुढे होतो.

याचा अर्थ असा की, मागील वर्षी मार्कंडादेवास स्वेटर लागला नाही म्हणून यंदाही लागणार नाही असे नाही. फेब्रुवारीच्या मध्यात आलेल्या महाशिवरात्रीस पहाट चांगलीच गार असते. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात आलेल्या महाशिवरात्रीस मात्र दुपारचे ऊन ३५ अंशांच्या घरात जाते आणि रांगेत उभ्या असलेल्या उपवासाच्या भाविकांस उन्हाचा त्रास संभवतो. यात्रेची तयारी करताना पंचांगातील तिथीबरोबर इंग्रजी तारीखही अवश्य पाहावी.

या संधिकाळात वादळी पाऊस आणि गारपीट यांचेही भय असते. २०१४ मध्ये फेब्रुवारीच्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत विदर्भासह महाराष्ट्राच्या मोठ्या भागास गारपिटीने झोडपले. त्या वर्षी महाशिवरात्र २७ फेब्रुवारीस होती. मार्कंडादेवाच्या मुख्य मंदिराच्या शिखराची पूर्वी वीज पडून हानी झाली, असे या क्षेत्राच्या इतिहासात नमूद केले जाते. आकाशात गडगडाट सुरू झाल्यास भाविकांनी नदीपात्र, मोकळे मैदान आणि एकाकी झाड सोडून पक्क्या इमारतीत आश्रय घ्यावा.

हिवाळ्याच्या आरंभी दुसऱ्या दिशेनेही पाऊस येऊ शकतो. ऑक्टोबर ते डिसेंबर हा बंगालच्या उपसागरातील चक्रीवादळांचा काळ होय. ५ डिसेंबर २०२३ रोजी ‘मिचौंग’ हे वादळ आंध्र प्रदेशात बापटलाजवळ किनाऱ्यावर आले आणि त्याच्या प्रभावाने पूर्व विदर्भातही ढगाळ हवा व पाऊस झाला. या दिवसांत शेतात धानाचे पुंजणे उभे असतात. यात्रेकरूस अडचण ठरणारा हा पाऊस येथील शेतकऱ्याच्या वर्षभराच्या श्रमांवर पाणी फिरवतो.

हवामानाचा अंदाज कसा वाचावा

भारतीय हवामान खात्याची स्थापना १८७५ मध्ये झाली. विदर्भासाठीचे अंदाज व इशारे नागपूर येथील प्रादेशिक हवामान केंद्राकडून दिले जातात. हे अंदाज निरनिराळ्या मुदतीचे असतात आणि प्रत्येकाचा उपयोग वेगळा असतो.

डिसेंबर ते फेब्रुवारी या काळाचा हंगामी अंदाज हिवाळ्याच्या आरंभी प्रसिद्ध होतो. त्यात तापमान सरासरीहून कमी, सरासरीइतके किंवा अधिक राहण्याची शक्यता सांगितलेली असते. हे विधान तीन महिन्यांच्या एकूण सरासरीविषयी असते. अमुक रात्री किती थंडी पडेल हे त्यावरून ठरत नाही. हिवाळा सरासरीपेक्षा उबदार राहील असे म्हटले असले तरी मध्येच चार दिवसांची कडक लाट येऊ शकते. ‘ला निना’ म्हणजे प्रशांत महासागराच्या विषुववृत्तीय भागातील पाणी नेहमीपेक्षा थंड होणे. अशा वर्षी उत्तर भारतात थंडी अधिक पडण्याकडे कल दिसतो. परंतु तेवढ्यावरून मार्कंड्याच्या किंवा चिमूरच्या विशिष्ट दिवसाचे भाकीत करता येत नाही.

दर आठवड्यास प्रसिद्ध होणारा विस्तारित मुदतीचा अंदाज दोन ते चार आठवड्यांचा कल सांगतो. प्रवासाचा बेत आखताना तो पाहावा. निघण्यापूर्वीच्या चार-पाच दिवसांत जिल्हावार अंदाज व इशारे पाहावेत. सर्वाधिक भरवशाचे तेच असतात. त्यांतील हिरवा रंग म्हणजे विशेष इशारा नाही, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे सज्ज राहा आणि लाल म्हणजे तातडीने कृती करा, असा अर्थ आहे. ‘मौसम’ या मोबाईल ॲपवर अंदाज आणि ‘दामिनी’ या ॲपवर विजेचा इशारा मिळतो.

‘थंडीची लाट’ हा शब्द वेधशाळा ठरावीक अर्थानेच वापरते. मैदानी प्रदेशात किमान तापमान १० अंश किंवा त्याखाली असून ते सरासरीपेक्षा ४.५ ते ६.४ अंशांनी उतरल्यास लाट, आणि त्याहून अधिक उतरल्यास तीव्र लाट मानतात. पारा ४ अंश किंवा त्याखाली गेल्यास सरासरी न पाहताही लाट धरली जाते. मात्र लाटेची घोषणा झाली नाही म्हणजे वृद्धांना थंडी बाधणार नाही, असा अर्थ घेऊ नये.

धुके, रस्ता आणि रेल्वे

नदीकाठी व तलावाकाठी हवेत ओलावा असतो. रात्र निरभ्र आणि वारा पडलेला असेल, तर पहाटे या ओलाव्याचे धुके होते. वैनगंगेच्या खोऱ्यात असे धुके थरांनी साचते. उंचावरील रस्ता स्वच्छ दिसत असताना पुलावर मात्र समोरचे वाहन दिसेनासे होते. सूर्य वर आल्यावर ते विरते. अशा वेळी वाहनाचे दिवे खालच्या झोतावर ठेवून सावकाश जावे, अथवा सुरक्षित जागी थांबून धुके ओसरू द्यावे.

मुंबई-पुण्याकडील भाविकांनी आणखी एक फरक लक्षात घ्यावा. चंद्रपूर हे मुंबईच्या बरेच पूर्वेस असल्याने येथे सूर्य सुमारे २५ मिनिटे आधी उगवतो आणि तितकाच आधी मावळतो. डिसेंबरच्या अखेरीस सूर्योदय पावणेसातच्या सुमारास आणि सूर्यास्त पावणेसहाच्या आतच होतो. सायंकाळी सहानंतर वनमार्गावर काळोख असतो. चामोर्शी, आष्टी, आलापल्ली, सिरोंचा या मार्गाने जाणाऱ्यांनी दिवसाउजेडी मुक्कामी पोहोचण्याच्या बेताने निघावे. दोन्ही जिल्ह्यांच्या वनांत वाघ-बिबट्यांचा वावर असून २०२१ पासून गडचिरोली जिल्ह्यात रानहत्तींचाही संचार आहे. वनातील रस्त्यावर वाहनातून खाली उतरू नये आणि पहाटेच्या अंधारात एकट्याने झुडपांकडे जाऊ नये. दुर्गम भागात मोबाईलची सोय सर्वत्र मिळतेच असे नाही. म्हणून आपला मार्ग व पोहोचण्याची वेळ घरी कळवून ठेवावी.

रेल्वेने येणाऱ्यांना येथील आकाश स्वच्छ असूनही धुक्याचा फटका बसू शकतो. चंद्रपूर आणि बल्लारशाह ही स्थानके दिल्ली-चेन्नई लोहमार्गावर आहेत. डिसेंबर-जानेवारीत उत्तरेकडील मैदानात दाट धुके पडले की तिकडून येणाऱ्या गाड्या कित्येक तास उशिरा धावतात. पहाटेचा अभिषेक ठरवला असल्यास आदल्या दिवशीच पोहोचेल अशी गाडी निवडावी. गाडीची वेळ १३९ या क्रमांकावर विचारता येते.

पहाटेचे स्नान

तीर्थस्नानाविषयी भाविकांच्या मनात मोठी श्रद्धा असते आणि वयोवृद्ध मंडळी विशेष आग्रही असतात. शरीराची उष्णता हवेपेक्षा पाण्यात कितीतरी अधिक वेगाने निघून जाते. थंड पाण्यात एकदम उतरल्यास रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, रक्तदाब वाढतो आणि हृदयावर ताण पडतो. हृदयविकार, उच्च रक्तदाब किंवा दमा असलेल्यांनी, गरोदर स्त्रियांनी आणि लहान मुलांनी पहाटेचे नदीस्नान टाळावे.

पूर्व विदर्भात सिकलसेल आजाराचे प्रमाण लक्षणीय आहे. अंग गार पडणे आणि शरीरातील पाणी कमी होणे, या दोन्ही गोष्टींनी या रुग्णांना तीव्र वेदनांचा झटका येऊ शकतो. अशा व्यक्तींनी थंड पाण्याचे स्नान व निर्जल उपवास करू नये, अंग उबदार ठेवावे आणि थोडे थोडे पाणी पीत राहावे.

धर्मशास्त्राने याबाबत माणसाच्या प्रकृतीचा विचार फार पूर्वीच केलेला आहे. स्मृतिग्रंथांत जलस्नानाबरोबरच मंत्रस्नान, भस्माचे आग्नेय स्नान आणि मानसस्नान असे अन्य प्रकारही सांगितले आहेत. अशक्त व आजारी माणसाने मंत्रपूर्वक पाणी शिंपडून मार्जन केले अथवा ओल्या वस्त्राने अंग पुसले तरी चालते. घरातील वडीलधाऱ्यांना ही गोष्ट आदराने समजावून सांगावी. ज्यांना नदीत स्नान करावयाचेच आहे त्यांनी सूर्य वर आल्यावर, काठाजवळ, सोबत कोणी असताना स्नान करावे आणि लगेच अंग कोरडे करून कोरडी वस्त्रे नेसावीत. वरच्या भागातील गोसीखुर्द धरण व इतर बंधारे यांतून सोडल्या जाणाऱ्या पाण्याने पात्रातील पातळी बदलू शकते. म्हणून खोल पाण्यात जाऊ नये.

निवास आणि शेकोटी

मुक्कामी येताना प्रत्येकी स्वेटर, कानटोपी, पायमोजे आणि एक जाड ब्लँकेट असावे. एका जाड कपड्यापेक्षा दोन-तीन पातळ कपडे एकावर एक घालणे सोयीचे असते. दुपारी ते एकेक करून उतरवता येतात. जमिनीवर निजताना अंगावरील पांघरुणाइतकेच खालचे अंथरूणही महत्त्वाचे आहे. सतरंजीखाली तणस किंवा जाड गोणपाट घातल्यास जमिनीची गारठ अंगास लागत नाही.

शेकोटी मोकळ्या जागेतच पेटवावी. खोलीत, राहुटीत किंवा बंद वाहनात कोळशाची शेगडी ठेवून दारे-खिडक्या लावून झोपणे प्राणघातक ठरते. जळत्या कोळशातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूस रंग नसतो व वासही नसतो. झोपलेल्या माणसास जाग न येताच तो दगावतो. सुक्या पाल्यापाचोळ्याजवळ शेकोटी करू नये आणि निघताना ती पाणी घालून पूर्ण विझवावी. चंद्रपूर परिसरात औष्णिक वीज केंद्र व कोळसा खाणी आहेत. हिवाळ्यात जमिनीलगतची थंड हवा वर न चढल्याने धूर आणि धूळ खालीच साचून राहतात. दम्याच्या रुग्णांनी आपले औषध जवळ बाळगावे व पहाटेचे फिरणे टाळावे. अंगाला सतत कापरे भरणे, बोलणे अडखळणे, छातीत दुखणे किंवा गुंगी येणे ही लक्षणे दिसल्यास त्वरित १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

देणगीदारांसाठी

यात्रेत येणारा प्रत्येक जण खोली घेऊन राहू शकत नाही. दूरच्या खेड्यांतून पायी किंवा बसने आलेली कितीतरी कुटुंबे मंदिराच्या ओसरीवर अथवा नदीकाठी रात्र काढतात. हिवाळी यात्रेत दानधर्म करू इच्छिणाऱ्यांनी ही गरज ध्यानी घ्यावी. ब्लँकेट, जमिनीवर अंथरण्याच्या जाड चटया, वारा अडवणारे कनातीचे आडोसे, स्नानासाठी कोमट पाणी, पहाटेचा गरम चहा आणि स्त्रियांना कपडे बदलण्यासाठी निवारा यांचा उपयोग त्याच रात्री होतो. वस्तू यात्रेच्या आठवडाभर आधी पोहोचल्यास त्यांचे वाटप नीट होते. थंडीची लाट अचानक येत असल्याने ऐन वेळी पाठविलेली मदत अनेकदा लाट ओसरल्यावर हाती पडते.

समारोप

मार्कंडेय ऋषींची कथा सर्वश्रुत आहे. सोळा वर्षांचेच आयुष्य लाभलेल्या या बालकाने शिवलिंगास मिठी मारली आणि महादेवाने त्याला यमपाशातून सोडविले. ज्या क्षेत्राचे नाव या कथेशी जोडलेले आहे, तेथे आलेल्या माणसाने आपला व आपल्या सोबत्यांचा जीव जपणे हे भक्तीस धरूनच आहे. तिथी पंचांगात पाहावी, थंडी वेधशाळेच्या अंदाजात पाहावी आणि दर्शनाची वेळ घरातील सर्वांत वृद्ध व सर्वांत लहान माणसास सोसेल अशी ठरवावी. सकाळी नऊच्या कोवळ्या उन्हात घेतलेले दर्शन पहाटे चारच्या दर्शनाइतकेच पुण्यप्रद आहे. सर्व भाविकांची यात्रा निर्विघ्न व सुखरूप पार पडो, हीच श्रीचरणी प्रार्थना.